भिंतीच्या कडेने

सात वर्षांपूर्वी एका पावसाळी सकाळी, स्वयंपाकघरात सिलिंडरमागे ठेवलेल्या उंदीर पकडण्याच्या चिकट पुठ्ठ्यावर मला एक राखाडी प्राणी अडकलेला दिसला. पुण्यात तळमजल्यावर राहणाऱ्यांकडे पावसाळ्यात उंदीर येतातच, आणि दुकानातून असा पुठ्ठा आणून ठेवणे हा त्यावरचा सोपा उपाय म्हणून मीही तो केला होता. पुठ्ठा उचलला तेव्हा मात्र हे काहीतरी वेगळे आहे असे जाणवले. उंदराचे तोंड जिथे संपते तिथून पुढे या प्राण्याचे नाक सोंडेसारखे निमुळते होत गेले होते, आणि अंग पुरते जखडलेले असतानाही नाकाचे ते टोक हवेत काहीतरी शोधत हलत होते. डोळे मोहरीएवढे होते. आणि पुठ्ठ्याला तो उग्र, कस्तुरीच्या जवळ जाणारा पण नाकाला नकोसा होणारा वास येत होता, जो मी लहानपणापासून ओळखत होते. ती चिचुंद्री होती. मी गोडेतेल लावून तिला सोडवायचा प्रयत्न केला. एक पाय सुटला, दुसरा सुटला, पण पोटाखालची लव चिकटलेलीच राहिली, आणि अर्ध्या तासाच्या आत माझ्या हातातल्या फडक्यावर तिची हालचाल थांबली.

ज्या झुरळांना मी महिनाभर वैतागले होते, ती झुरळे खाणारा प्राणी मी स्वतःच्या हाताने मारला होता. तो उंदीर आहे की नाही हे पाहण्याचीही तसदी मी घेतली नव्हती, आणि हे मला त्याच्या मरणाइतकेच लागले, कारण हा फरक मला कुणीतरी फार पूर्वी शिकवलेला होता.

गुहागर तालुक्यातल्या आमच्या गावच्या घरी मागच्या पडवीला लागून न्हाणीघर होते. न्हाणीचे पाणी मोरीतून बाहेर पडून पोफळींच्या आळ्यांत जायचे, आणि दिवेलागण होऊन तासभर झाला की त्याच मोरीतून चिचुंद्री आत यायची. माजघराच्या सारवलेल्या जमिनीवरून ती भिंतीला अंग घासत, बारीक आवाजात काहीतरी पुटपुटल्यासारखी चिकचिक करत जायची आणि पाटा-वरवंट्याच्या मागे दिसेनाशी व्हायची. आम्ही मुले ओरडून उठलो की आजी जेवणावरून मान न उचलता म्हणायची, "तिला जाऊ दे हो. ती आपलं धान्य खात नाही, कपडा कुरतडत नाही. तिच्या वाटेत उभे राहू नका म्हणजे झालं." आजी उंदरांच्या बाबतीत अशी दयाळू नव्हती. कणगीजवळ उंदराची लेंडी दिसली की ती त्याच दिवशी पिंजरा लावायला सांगायची. दोघांतला फरक ती पळण्यावरून ओळखायची. उंदीर पळतो, थबकतो, मागे वळून बघतो आणि खोली आडवी ओलांडतो. चिचुंद्री भिंत सोडत नाही. अंधुक कंदिलातही तिला एवढे पुरेसे व्हायचे.

आजीने चालीवरून जो भेद केला होता, तो प्राणिशास्त्राने दातांवरून केला आहे. उंदराला सोळा दात असतात. त्यांतले पुढचे चार पटाशीचे दात जन्मभर वाढत राहतात, म्हणून ते झिजवण्यासाठी त्याला सतत काहीतरी कुरतडावे लागते. चिचुंद्रीला तीस दात असतात. वरचे पुढचे दोन आकड्यासारखे खाली वळलेले, खालचे दोन चिमट्याच्या टोकांसारखे पुढे आलेले, आणि त्यांच्या मागे टोकदार दातांची रांग, अशी ही रचना झुरळाचे कवच फोडण्यासाठी झालेली आहे. लाकूड किंवा कापड कुरतडणे तिच्या दातांचे कामच नव्हे. पुढच्या पंजाला उंदराला चार पुरती बोटे असतात, तर चिचुंद्रीला पाच. तिचे शेपूट मुळाशी जाड असून टोकाकडे निमुळते होत जाते, आणि त्यावर विरळ, लांब, उभे केस असतात. तो पुठ्ठा उचलण्यापूर्वी मी यांतले एक जरी लक्षण नीट पाहिले असते तरी चालले असते, पण रात्री पुठ्ठा ठेवून झोपणाऱ्याला पाहण्याची संधीच नसते.

चिचुंद्रीचे शास्त्रीय नाव सन्कस म्युरिनस. सजीवांना शास्त्रीय नावे देण्याची पद्धत रूढ करणाऱ्या कार्ल लिनियसने १७६६ मध्ये जावा बेटावरच्या प्राण्यावरून तिची नोंद केली. तिला त्याने श्रूंच्या, म्हणजे चिचुंद्र्यांच्याच, प्रजातीत बसवले, पण जातीचे नाव मात्र "म्युरिनस", म्हणजे उंदरासारखी, असे दिले. जपानी भाषेतही तिचे नाव "कस्तुरी उंदीर" अशाच अर्थाचे आहे. तिच्याकडे पाहणाऱ्या प्रत्येकाला आधी उंदीर दिसला आणि मग ती दिसली, असेच म्हणावे लागते. पूर्वी चिचुंद्री, साळिंदरासारखे काटे अंगावर वागवणारा जाहक आणि जमिनीत बिळे करणारे मोल यांना इतर अनेक लहान कीटकभक्षी प्राण्यांसह एका मोठ्या गणात घातले जाई. जनुकांचा अभ्यास सुरू झाल्यावर तो गण फुटला. त्यांतले काही आफ्रिकी प्राणी हत्तीच्या नात्यातले निघाले, आणि चिचुंद्री, जाहक व मोल एकत्र राहिले. पण या पुनर्रचनेतली सर्वांत विलक्षण गोष्ट मला वेगळीच वाटते. सस्तन प्राण्यांच्या वंशवृक्षावर उंदीर ज्या मोठ्या फांदीवर आहे, त्याच फांदीवर माकडे आणि माणूस आहेत. चिचुंद्री दुसऱ्या फांदीवर आहे, आणि तिच्या सोबत वटवाघळे, गाई-म्हशी, घोडे आणि मांजरे आहेत. म्हणजे उंदीर हा चिचुंद्रीपेक्षा माझ्या जवळचा नातलग आहे, आणि चिचुंद्री उंदरापेक्षा तिच्यावर झडप घालणाऱ्या मांजराच्या अधिक जवळची आहे. हे वाचले त्या रात्री मला बराच वेळ झोप आली नव्हती.

तिच्या वासाबद्दल मात्र माणसाने फार पूर्वीपासून विचार केलेला दिसतो. चिचुंद्रीच्या दोन्ही कुशींवर एकेक गंधग्रंथी असते, आणि नराच्या ग्रंथीतून, विशेषतः विणीच्या काळात, इतका तीव्र स्राव येतो की ती गेल्यावरही तिची वाट तासभर ओळखता येते. मनुस्मृतीच्या बाराव्या अध्यायात कोणत्या चोरीमुळे पुढच्या जन्मी कोणती योनी मिळते याची एक यादी आहे, आणि तीत सुगंधी द्रव्ये चोरणारा छुच्छुन्दरी होतो, असे सांगितले आहे. चोरलेल्या अत्तराचा वास जन्मभर अंगाला चिकटून राहावा आणि त्यानेच ओळख पटावी, ही कल्पना सुचायला कुणीतरी रात्री दिव्याच्या उजेडात या प्राण्याला पुष्कळ वेळा जाताना पाहिलेले असले पाहिजे. सुश्रुताने अठरा प्रकारचे मूषक सांगितले आहेत, त्यांतही छुच्छुन्दर आहेच. म्हणजे तिला उंदरांत मोजण्याची चूकही तितकीच जुनी आहे. तुलसीदासांच्या कौसल्येपुढे रामाला थांबवावे की जाऊ द्यावे असा पेच पडतो, तेव्हा तिची गती साप आणि छुछुंदरीसारखी झाली असे ते म्हणतात, कारण सापाने ती तोंडात धरली की त्याला गिळताही येत नाही आणि सोडताही येत नाही, असा समज होता. छुच्छुन्दरी, छुछुंदरी, चिचुंद्री: या सर्व शब्दांत मला तिच्या वासापेक्षा तिचा आवाज अधिक ऐकू येतो.

या वासाबद्दलची एक गंमतीशीर समजूत एकोणिसाव्या शतकात हिंदुस्थानातल्या साहेबांच्या घरांत पसरली होती. कोठीतल्या बंद बाटल्यांवरून चिचुंद्री नुसती पळत गेली, तरी आतल्या बिअरला आणि वाईनला तिचा वास लागतो, असे लोक खात्रीने सांगत. १८६७ साली भारतातल्या सस्तन प्राण्यांवर ग्रंथ लिहिणाऱ्या थॉमस जर्डनने त्यावर शांतपणे असे सुचवले की, बाटलीच्या काचेतून वास आत शिरतो असे मानण्यापेक्षा, बाटली भरण्यापूर्वीच तिच्या बुचाला तो लागलेला असण्याची शक्यता अधिक आहे. मला हा जर्डन आवडतो. सगळे जण चिचुंद्रीकडे बोट दाखवत असताना त्याने बुचाकडे पाहिले.

वासाचा उपयोग तिला नक्कीच होतो. मांजर तिला पकडते, मारते, पण बहुधा खात नाही. आमच्या सोसायटीतल्या मांजरीने जिन्याखाली ठेवलेली चिचुंद्री मी अखंड सापडलेली पाहिली आहे. घुबडांना त्या वासाची फारशी पर्वा नसावी. गव्हाणी घुबड आणि पिंगळा न पचलेल्या हाडांच्या आणि केसांच्या गोळ्या तोंडावाटे टाकतात, आणि त्या फोडून पाहणाऱ्यांना उंदरांच्या हाडांबरोबर चिचुंद्रीच्या लांबट, टोकदार दातांच्या कवट्याही मिळतात.

पुठ्ठ्यांचे उरलेले पाकीट मी त्याच दिवशी फेकून दिले. तीन आठवड्यांनी मोरीच्या जाळीतून पुन्हा तीच चिकचिक ऐकू आली, आणि मग मी पाहायचे ठरवले. टॉर्चला लाल जिलेटिनचा कागद गुंडाळून मी रोज जेवणानंतर ओट्यापासून थोडी दूर, पाटावर बसू लागले. पहिल्या पाच रात्री काहीच दिसले नाही. सहाव्या रात्री साडेनऊच्या सुमारास जाळीच्या तुटक्या कोपऱ्यातून आधी नाक आले, ते दोन-तीन सेकंद डावीकडे-उजवीकडे फिरले, आणि मग बाकीचे अंग एका लयीत बाहेर ओघळले. मोरीपासून भिंत, भिंतीवरून ओट्याचा पाय, ओट्याखालून सिलिंडर, सिलिंडरमागून पुन्हा भिंत: हा मार्ग पुढच्या कित्येक महिन्यांत तिने बदलला नाही. मध्ये एकदा मी सिलिंडर हातभर सरकवून ठेवला, तर ती नेहमीच्या जागी येऊन रिकाम्या जमिनीभोवती अर्धवर्तुळात फिरली, जणू तिथे तो अजून उभाच आहे.

मोगलीच्या गोष्टी लिहिणाऱ्या, मुंबईत जन्मलेल्या किपलिंगने एका मुंगसाच्या गोष्टीत चुचुंद्रा नावाचे एक पात्र घातले आहे. खोलीच्या मध्यावर जाण्याची हिंमत नसल्याने ते रात्रभर भिंतीच्या कडेने रडत फिरते. किपलिंगला त्यात भित्रेपणा दिसला. मला इतक्या रात्री पाहून तसे वाटत नाही. चिचुंद्रीची नजर अतिशय मंद असते. तिचे जग नाकाचे आणि मिशांचे आहे. आपण अंधाऱ्या घरात भिंतीला हात लावून चालतो, ते काही केवळ भीतीने नव्हे. भिंत आपल्याला वाट सांगत असते. शिवाय भिंत आणि जमीन जिथे मिळतात त्या कोपऱ्यातच झुरळे, कोळी आणि मुंग्यांच्या रांगा असतात. तिची वाट आणि तिचे ताट एकाच ठिकाणी आहे.

झुरळ पकडताना ती झेप घेत नाही. ती नाक पुढे करून जाते, नाक झुरळाला लागते आणि पुढच्या क्षणी दातांचा कडकड असा अगदी बारीक आवाज येतो. डोके आधी जाते. सकाळी जमिनीवर दोन तपकिरी पंख आणि काटेरी पायांचे तुकडे उरलेले असतात. किड्यांशिवाय गांडुळे, गोमी, लहान पाली, बेडकांची पिले हेही ती खाते, आणि माणसांच्या वस्तीत राहून खरकट्याचीही तिला सवय झाली आहे. मासळीचा काटा असेल तर ती तो ओढत नेते. परंतु धान्याच्या डब्यापाशी ती थांबलेली मी एकदाही पाहिली नाही. आजीचे म्हणणे त्या बाबतीत शब्दशः खरे होते.

ती सतत का खाते, याचे उत्तर तिच्या आकारात आहे. लहान शरीरातली ऊब फार लवकर निघून जाते, आणि ती टिकवायला पोटात सतत इंधन लागते. मादीचे वजन साधारण पन्नास ग्रॅमच्या आसपास आणि मोठ्या नराचे शंभरपर्यंत असते. भागाभागाप्रमाणे त्यात बराच फरक पडतो. तिच्याच प्रजातीतली एट्रस्कन चिचुंद्री, जी भारतातही आढळते, ती तर जेमतेम दोन ग्रॅमची असते आणि वजनाने जगातला सर्वांत लहान सस्तन प्राणी मानली जाते. आपल्या चिचुंद्रीचे आतडे आखूड असते, त्याला उंदरासारखे अंधांत्र, म्हणजे मोठ्या आतड्याच्या सुरुवातीची पिशवी, नसते, आणि खाल्लेले अन्न त्यातून झपाट्याने पुढे जाते. तिला काही तास उपाशी ठेवले, तर तिच्या यकृतात चरबी साठू लागते, असे प्रयोगशाळांत दिसून आले आहे. आपण ज्याला एका रात्रीचा उपास म्हणतो, तो तिच्या आयुष्यात आजारपणासारखा असतो. चिकट पुठ्ठ्यावर रात्रभर अडकलेल्या त्या चिचुंद्रीला सकाळपर्यंत गोंदाने मारले की भुकेने, हा प्रश्न हे वाचल्यापासून माझ्या मनातून गेलेला नाही.

याच प्राण्याने तीन वर्षांपूर्वी माझ्या घरात एका अगदी वेगळ्या दाराने प्रवेश केला. आईला कर्करोग झाला, आणि तिच्या औषधांत सिस्प्लॅटिन होते. प्लॅटिनम धातूपासून तयार केलेल्या या औषधाने रोगाच्या पेशी मरतात, पण त्याने होणाऱ्या उलट्या इतक्या भयंकर असतात की पूर्वी काही रुग्ण त्या भीतीनेच उपचार अर्धवट सोडत. आईला मुख्य सलाइन लावण्याआधी उलटी थांबवणारे एक इंजेक्शन देत. शरीरातल्या सेरोटोनिनचा एक विशिष्ट संदेश अडवून ते काम करते, असे तिथल्या परिचारिकेने मला समजावून सांगितले. त्या दुपारी, आईच्या पायाशी बसून, मी याबद्दल वाचत गेले आणि वाचता वाचता माझ्यासमोर सन्कस म्युरिनस हे नाव आले.

उंदीर आणि घुशी यांना उलटी करता येत नाही. त्यासाठी लागणारी मेंदूच्या तळाशी असणारी यंत्रणाच त्यांच्यात नसते. औषधांच्या चाचण्या मुख्यत्वे उंदरांवर होत असल्यामुळे मळमळीवरच्या औषधांच्या अभ्यासात ही मोठीच अडचण होती. त्यासाठी कुत्री, मांजरे, फेरेट असे मोठे प्राणी वापरावे लागत. १९८७ साली उएनो, मात्सुकी आणि साइतो या जपानी संशोधकांनी असे दाखवले की चिचुंद्री उलटी करते. काही रसायने दिल्यावर ती काही मिनिटांत ओकते, आणि तिला लहानशा पेटीत ठेवून ती पेटी मागेपुढे हलवली तर एसटीच्या घाटातल्या प्रवाशासारखी तिलाही गाडी लागते. सिस्प्लॅटिननेही ती ओकते. आणि ज्या गटातले औषध आईच्या शिरेत जात होते, त्या गटातल्या औषधांनी तिच्या उलट्या थांबतात. आईचे औषध चिचुंद्रीमुळे सापडले, असे मला म्हणायचे नाही. त्यात इतर अनेक प्राण्यांचा वाटा आहे. पण त्या शोधाच्या वाटेवर कुठेतरी हजारो लहान राखाडी प्राणी ओकले, आणि आई त्या रात्री ओकली नाही. मी आईला हे सांगितले, तेव्हा ती बराच वेळ काही बोलली नाही. मग तिने विचारले, "आपल्या स्वयंपाकघरातली ती? तीच?" मी म्हटले, "तीच."

त्याच आठवड्यात मला मोरीची जाळी बदलावी लागली, आणि ते मी कोणत्याही संकोचाशिवाय केले. चिचुंद्रीबद्दल माया वाटते म्हणून तिच्याबद्दलची गैरसोयीची माहिती लपवणे मला बरे वाटत नाही. तिच्या अंगावर पिसवा असतात, आणि त्यांत प्लेग पसरवणारी झेनॉप्सिला केओपिस ही पिसूही असू शकते. १८९६ मध्ये मुंबईत प्लेग आला त्याचे मूळ वाहक उंदीर होते, पण ती पिसू चिचुंद्रीला वर्ज्य मानत नाही. तिच्या मूत्रातून लेप्टोस्पायराचे जंतू येऊ शकतात. १९६४ साली तमिळनाडूत वेल्लोरजवळच्या थोट्टापालयम इथे चिचुंद्रीतून एक विषाणू वेगळा केला गेला, आणि पुढे तो मुख्यतः उंदीरवर्गीय प्राण्यांत आढळणाऱ्या हंताविषाणूंच्या कुळातला असल्याचे कळले. कीटकभक्षी प्राण्यात सापडलेला तो त्या कुळातला पहिलाच. उपचारांमुळे आईच्या पांढऱ्या पेशी उतरल्या होत्या. ज्या घरात असा माणूस आहे, तिथे कोणत्याही रानटी प्राण्याने स्वयंपाकघरात फिरू नये. मी बारीक छिद्रांची स्टीलची जाळी बसवून घेतली, आणि दुसऱ्या रात्री जाळीखालून नाक घासल्याचा आवाज आला तेव्हा पाटावर बसून राहिले, उठले नाही.

माणसाच्या सहवासात राहण्याची तिची ही वृत्तीच तिला जगभर घेऊन गेली. मूळची ती आपल्या दक्षिण आशियाची. गलबतांच्या मालात, बारदानांमागे, तळाशी साठलेल्या केरात तिला लागते तेवढे अन्न आणि अंधार असतो, आणि तशीच ती अरबस्तानच्या बंदरांत, पूर्व आफ्रिकेच्या किनाऱ्यावर, मादागास्करला, मॉरिशस आणि रीयुनियनला पोहोचली. प्रशांत महासागरातल्या ग्वाम बेटावर ती १९५३ साली आली, आणि थोड्याच काळात सगळीकडे झाली. तिथल्या आणि मॉरिशसभोवतालच्या बेटांवरच्या लहान सरड्यांनी आणि पालींनी असा शिकारी कधी पाहिलेला नव्हता. त्यांची संख्या झपाट्याने घटली. मॉरिशसच्या ईल ओ एग्रेत या चिमुकल्या बेटावरून तिला पकडून संपवण्याचा एक प्रयत्न झाला, पण तो यशस्वी झाला नाही. त्या संवर्धकांच्या जागी मी असते, तर मीही तोच प्रयत्न केला असता. ज्या प्राण्याच्या मागे आपल्या घरात मी लाल उजेड घेऊन बसते, त्याने तिथे एखादी पाल कायमची संपवावी हे मला दुःखदायक वाटते. पण तिला तिथे नेले आपण. ती स्वतःहून पोहत गेली नव्हती. चिनी भाषेत तिला "पैशांचा उंदीर" म्हणतात, कारण तिचा आवाज नाण्यांच्या खुळखुळण्यासारखा वाटतो. ज्या बंदरांत ती उतरली, तिथे खरी नाणी खुळखुळत होती म्हणूनच जहाजे जात होती.

जाळी बसवल्यावर ती नाहीशी झाली नाही. फक्त बाहेर राहू लागली. आमच्या इमारतीच्या मागची भिंत आणि कुंपणाची भिंत यांच्यामध्ये तीन-चार फुटांची पट्टी आहे. तिथे आईच्या तुळशीच्या आणि कढीपत्त्याच्या कुंड्या आहेत. उपचारांच्या शेवटच्या महिन्यांत आईला बाहेर जाता यायचे नाही, म्हणून मी तिला मागच्या खिडकीशी खुर्ची मांडून द्यायचे. एका संध्याकाळी, काळोख पडता पडता, तिने मला जोरात हाक मारली. "अगं, इकडे ये. दोरी चालतेय बघ."

मी धावत गेले. कुंपणाच्या पायथ्याशी खरोखरच एक राखाडी दोरी चालत होती. सर्वांत पुढे चिचुंद्री होती. तिच्या शेपटाच्या मुळाजवळची लव एका पिलाने तोंडात धरली होती, त्याच्या शेपटाजवळची दुसऱ्याने, दुसऱ्याची तिसऱ्याने. चौथे सर्वांत मागे होते. चिचुंद्रीच्या पिलांचे हे वर्तन मी वाचले होते. जागा बदलायची झाली, किंवा घरटे विस्कटले, की ती अशी एकमेकांना धरून रांग करतात, आणि पुढची ओढेल तिकडे मागची जातात. पकड इतकी घट्ट असते की पुढच्या मादीला उचलले तरी मागची रांग लोंबकळत वर येते. पण ज्यांनी तसे उचलून पाहिले असेल, त्यांनी त्या मादीला किती घाबरवले असेल, असेही मला वाटते. चिचुंद्री साधारण महिनाभर गाभण असते, एका वेताला बहुधा दोन-तीन पिले होतात, क्वचित जास्त, आणि घरटे बांधायला नरही मदत करतो. मादीला नियमित माजाची चक्रे नसतात. समागमानंतरच तिची बीजे सुटतात. ही सगळी माहिती माझ्याकडे होती, आणि ती चार पिले कुंडीच्या कडेवरून एका झटक्यात वळली तेव्हा त्यातले काहीही मला आठवले नाही. आई खिडकीच्या गजांना धरून उभी होती. डोक्यावरचा रुमाल सरकला होता, तो सारखा करण्याचेही तिला भान नव्हते. कुंपणाच्या तळाशी, जिथे गिलावा पडला आहे, तिथे दोन बोटांची एक फट होती. मादी तीत शिरली, पहिले पिलू शिरले, दुसरे, तिसरे. चौथ्याची पकड सुटली. ते एकटेच जमिनीवर गोल फिरत अतिशय बारीक आवाजात ओरडू लागले. आईने माझा हात पकडला. काही क्षणांनी फटीतून लांब नाक बाहेर आले, पिलापाशी पोहोचले, आणि पिलाने ते नेमके ओळखून, वळून, शेपटाजवळची जागा शोधून धरले.

आई आता बरी आहे. गेल्या वर्षी सोसायटीने मागच्या पट्टीत नवीन सांडपाण्याचा पाइप टाकून फरशा बसवायचे काम काढले. कुंपणाच्या पायथ्याला गिलावा करताना गवंडी त्या फटीपाशी आला, तेव्हा आई कुंड्यांमागे उभी होती.

"तेवढी एक जागा राहू द्या," ती म्हणाली.

"आजी, भोक ठेवलं तर उंदीर येतील," तो म्हणाला.

"उंदीर नाही येत तिथून. चिचुंद्री येते. भिंतीच्या कडेने जाते, कुणाला काही करत नाही."

त्याने थापी खाली ठेवली, वाकून फटीत पाहिले आणि वास घेतला. मग त्याने दोन अर्ध्या विटा घेतल्या, फटीच्या दोन्ही बाजूंना उभ्या केल्या, वरून एक चपटा दगड आडवा ठेवला, आणि गिलावा त्या दगडाच्या वरून पुढे नेला.